अर्धा सूर खाली

"हे गाणं तू लोकांसमोर म्हणणार नाहीस, वहिनी," अक्का म्हणाल्या.

पियानोचा शेवटचा सूर अजून पुरता विरलाही नव्हता. रविवारची दुपार होती, जेवणं आटोपली होती. नवीन गाणं बाहेर नेण्याआधी घरात म्हणून दाखवायचं, हा अक्कांच्या वडिलांनी, अण्णांनी, घालून दिलेला नियम पाळायला सगळे बैठकीच्या खोलीत जमले होते. वडील गेले, पियानो सुरात लावायचं त्यांचं काम मुलाकडे आलं, पुढच्या खोलीतलं दुकान तसंच राहिलं आणि नियमही राहिला. ऐकणाऱ्यांनी मनात येईल ते तोंडावर बोलायचं, हा त्या नियमाचा दुसरा भाग अक्कांच्या विशेष आवडीचा होता.

वहिनी म्हणजे खरं तर त्यांची भावजय. धाकट्या दिराने पहिल्या दिवशी "वहिनी" अशी हाक मारली आणि मग ती गाणं शिकायला येणाऱ्या मुलांची, शेजाऱ्यांची, पोस्टमनची आणि शेवटी वयाने मोठ्या असलेल्या नणंदेचीही वहिनीच झाली. लग्नाआधी ती मोठ्या हॉटेलात संध्याकाळी संथ गाणी म्हणायची. तिथला पियानो लावायला दुपारचा एक अबोल तरुण यायचा. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते हॉटेल मध्यंतरी बंद पडलं होतं, ते आता नव्याने उघडणार होतं आणि येत्या शनिवारी वहिनी तिथे बँडबरोबर गाणार होती. तिने या वेळी दुसऱ्या कुणाचं गाणं न घेता स्वतः लिहिलं होतं:

दार तेच, दिवा तोच,
हाक तेवढी उरली घरात.
तू विचारतोस, मी सांगते,
काहीच नसतं उत्तरात.

चाल अगदी हळू, बसल्या बसल्या बोलावं तशी. फक्त "काहीच"वर सूर वर चढायचा आणि तिथे थोडा थांबून खाली यायचा.

"का नाही म्हणायचं?" बारकीने विचारलं. बारकी म्हणजे या घरची एकुलती मुलगी. आता आईपेक्षा वीतभर उंच होती, हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळायची, पण नाव काही बदललं नाही.

"कारण मला कान आहेत. हे कुणाबद्दल आहे ते कळायला फार डोकं लागत नाही. तिथे अर्धे लोक बाळ्याला ओळखतात, प्रत्येकाच्या घरचा पियानो लावलाय त्याने. ते ऐकतील आणि म्हणतील, बिचारा."

"आत्या, गाणं गाणं असतं."

"आणि एरवी अहो-जाहो करणारी ही बाई गाण्यात बरी त्याला 'तू' म्हणते!"

"गाण्यात 'तुम्ही विचारता' बसत नाही हो अक्का," वहिनी म्हणाली. तिला हसू आलं, पण लक्ष दुसरीकडे होतं. ती नवऱ्याच्या उजव्या खांद्यामागे उभी होती. गाताना ती नेहमीच तिथे उभी राहायची. तो मागे वळून काही बोलेल, याची ती वाट पाहत होती.

ट्यूनर म्हणून अख्ख्या गावाला माहीत असलेल्या त्या माणसाने पियानोवरची धूळ बोटाने पुसली. "तिसऱ्या ओळीच्या आधी श्वास घे," तो म्हणाला. "मग टोकाला कमी पडणार नाही."

"एवढंच?"

"बाकी ठीक आहे."

वहिनीने मान हलवली आणि खिडकी उघडायला गेली. खिडकी उघडीच होती.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. राग येणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. हा माणूस वाईट नव्हता. सकाळी चहा करायचा, विचारायचा, "घेणार?" ती म्हणायची, "चालेल." संध्याकाळी विचारायचा, "बाहेरून काही आणू?" ती म्हणायची, "नको." भांडण नाही, रुसवा नाही, कुणाला दाखवावी अशी एकही जखम नाही. शेजारणी म्हणायच्या, तुमचं किती छान चाललंय. छानच चाललं होतं. गाणं तिने त्याला दुखवायला लिहिलं नव्हतं. गाण्यात सांगितलं तर तरी ऐकेल, अशी एक वेडी आशा होती. आणि त्याने ऐकलं काय, तर श्वास.

"मी म्हणते, म्हणू दे तिला," बारकी अक्कांना सांगत होती. "या घरात कुणी काही बोलत नाही, निदान गाऊन तरी दाखवू दे. तू सांग रे."

हे "तू सांग रे" जावयाच्या वाट्याला आलं होतं. जावई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि संध्याकाळी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे कोणत्या बाजूला बसलं म्हणजे कोण नाराज होतं, याचा त्याला अजून अंदाज नव्हता. तो मधल्या स्टुलावर बसला होता.

"गाणं सुंदर आहे," तो म्हणाला. "म्हणजे, आत्यांचंही बरोबर आहे."

"जावईबापू, दोन्हीकडून नका वाजवू. वाजवायचं ते वाजवा," अक्का म्हणाल्या.

त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि क्लॅरिनेटची पेटी उघडली. शनिवारी गाण्याच्या सुरुवातीला आणि दोन कडव्यांच्या मध्ये त्याची क्लॅरिनेट होती. एकदा घरी सगळं जुळवून पाहायचं ठरलं होतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पट्टी आधीच सांगितली होती, काळी दोन. हॉटेलातल्या दिवसांपासून त्या काळी दोनमध्येच गात आल्या होत्या. त्याने तुकडा घोटून तयार केला होता.

"मी आधी चहाचं बघतो," ट्यूनर एकदम उठत म्हणाला.

"आत्ता? बसा हो. चहा काय पळून जातोय?" वहिनी म्हणाली.

तो बसला. त्याने सूर धरले. जावयाने क्लॅरिनेट ओठांना लावली आणि फुंकली.

जे ऐकू आलं ते फार वाईट होतं. अक्कांनी डोळे मिटले. बारकीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की याच्या वाजवण्यावर भाळून आपण लग्न केलं, ते नेमकं काय ऐकून?

"सॉरी, सॉरी." जावयाचे कान लाल झाले. त्याने क्लॅरिनेटचा वरचा सांधा थोडा बाहेर ओढला, म्हणजे सूर किंचित उतरतो, आणि पुन्हा फुंकली. तरी जुळेना. आणखी ओढला. आता वाद्याचे दोन तुकडे व्हायचे तेवढे बाकी राहिले.

"तुमची पुंगी बिघडली असेल," अक्का म्हणाल्या. "एवढं मनाला लावून घेऊ नका."

"काल रात्री बँडमध्ये बरोबर होती," तो पुटपुटला. वाद्य बरोबर होतं याची त्याला खात्री होती. मग दुसरं काय चुकलं असेल, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते तिथेच गिळून टाकलं. सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या पियानोला बेसूर म्हणायचं, आणि सासरा ट्यूनर! त्यापेक्षा क्लॅरिनेट बिघडलेली बरी.

पण बारकीला नवऱ्याच्या चेहऱ्यावर काही लपवलेलं लगेच दिसायचं. "काय झालं? बोल."

"काही नाही."

"बोल म्हणते ना."

"सुराचा काटा आहे का घरात?"

ट्यूनरच्या घरात काटा नसेल तर कुठे असेल! बारकी पुढच्या दुकानात गेली आणि बाबांच्या कामाच्या पिशवीतून दोन दातांचा पोलादी काटा घेऊन आली. गुडघ्यावर आपटला की तो एकच सूर देतो, आणि तो सूर जगात कुठेही, कधीही बदलत नाही. लहानपणी ती तो कानाला लावून फिरायची. आता तिने तो आपटला, पियानोच्या लाकडावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने त्याच सुराची पट्टी दाबली.

दोन वेगळे सूर वाजले. पियानोचा खाली होता. थोडाथोडका नाही, चांगला अर्धा सूर खाली.

"बाळ्या!" अक्का म्हणाल्या. "दुनियेचे पियानो लावत हिंडतोस आणि घरच्याला हात लावला नाहीस? अण्णा असते तर काय म्हणाले असते?"

"हात लावला नाही असं नाही, आत्या," जावई न राहवून म्हणाला. आता तो घाबरणं विसरला होता. त्याने खालपासून वरपर्यंत पट्ट्या वाजवत नेल्या. "बघा ना. एकही तार ढिली नाही. सगळे सूर एकमेकांशी अगदी चोख आहेत. दुर्लक्ष झालं असतं तर कुठे खाली, कुठे वर, असा झाला असता. हा कुणीतरी मुद्दाम सगळाच्या सगळा खाली आणलाय. आणि बाबा, असं काम मी कुठेच…"

तो थांबला, कारण सासूबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या सासऱ्यांच्या मानेकडे बघत होत्या.

"अहो," वहिनी म्हणाली.

ट्यूनरने पट्ट्यांवरचे हात मांडीवर घेतले.

"अहो, मी विचारतेय."

"शनिवारच्या आधी सांगणार होतो."

"काय सांगणार होतात?"

त्याला बोलायचं म्हटलं की आधी खूप जागा लागायची. तार ताणण्याआधी तो तिला जसा वेळ द्यायचा, तसा तो स्वतःलाही द्यायचा. घरातल्यांना ते माहीत होतं, तरी अक्कांनी दोनदा घसा खाकरला.

"एकदा गाताना तुझा आवाज टोकाला चिरला," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांपूर्वी. त्या खुर्च्यांत मुलांचे आईबाप बसले होते. तू खोकला आल्यासारखं केलंस."

"आला होता खोकला."

"नव्हता."

वहिनीलाही ते माहीत होतं. नव्हताच.

"रात्री तू उशीत तोंड घालून पडलीस. मला म्हणालीस, डोकं दुखतंय. मग तू बहिणीकडे गेलीस तेव्हा मी हा अगदी थोडा उतरवला. कळू नये इतकाच. परत आलीस, गायलीस, आवाज पोचला. तू खूश झालीस. मग पुढच्या खेपेला आणखी थोडा."

"आणि मला वाटलं, गुळण्या!" वहिनी म्हणाली.

हे ऐकून अक्का खुर्चीत सावरून बसल्या. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या हा वहिनीचा शोध होता. गेलेला आवाज त्यांनीच परत आणला, असं ती प्रत्येकाला छातीठोकपणे सांगायची. शिकायला येणारी सगळी मुलं गुळण्या करायची, त्यांच्या आया करायच्या, कोपऱ्यावरचा बेकरीवालाही करायचा.

"म्हणजे मी इतकी वर्षं रोज सकाळी उठून खारं पाणी तोंडात घोळवतेय, ते उगाच?" अक्का म्हणाल्या.

"घशाला चांगलं असतं आत्या," बारकी म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हॉस्पिटलात रोज काय काय बघून ज्या बाईचा चेहरा हलत नाही, ती बापाच्या वाकलेल्या पाठीकडे बघून नाक ओढत होती. "आई, तुला कळतंय का बाबांनी काय केलंय? आता नको म्हणूस हे गाणं. खरंच नको. आत्या म्हणते ते बरोबर आहे."

"आत्या तसं काही म्हणत नाही," अक्का कडाडल्या. "हे बरं केलंस का बाळ्या तू? तिचा आवाज तिचा आहे. उतरला तर उतरला, तिला कळायला नको? लहान मूल आहे का ती, पाटावर उभं करून उंच झालीस म्हणायला? मी असते तर तोंडावर सांगितलं असतं."

"म्हणूनच तुझ्यासमोर कुणी गात नाही," ट्यूनर म्हणाला.

असं तो बहिणीला आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा. अक्का खुर्चीतून उठल्या. मग भावजयीजवळ जाऊन तिच्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. मघाशी जिला गाऊ द्यायचं नव्हतं तिच्याच बाजूने उभं राहताना त्यांना जराही अवघडल्यासारखं वाटलं नाही. अक्कांना बाजू बदलायला वेळ लागत नसे, पण ज्या बाजूला जातील तिथे त्या मनापासून असत.

वहिनीला दोन्ही वाटत होतं. शनिवारी ती त्या दिव्यांखाली उभी राहिली असती, बँडने खरी काळी दोन धरली असती आणि "काहीच"वर तिचा आवाज सगळ्यांसमोर फाटला असता. या माणसाने तिला फसवलं होतं. ती पंचविशीत गायची तशीच अजून गाते, असं ती किती ऐटीत सांगत आली होती! आणि त्याच वेळी तिला दिसत होतं, की ती घरात नसताना हा इथे एकटा बसलाय, दोनशेहून जास्त तारा एकेक करून उतरवतोय, पुन्हा एकमेकींशी जुळवतोय, आणि ती दारातून आत येताच विचारतोय, "चहा घेणार?"

"हॉटेलच्या पियानोलाही हात लावलात की काय?" तिने विचारलं.

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"अहो!"

"विचार केला होता. पण बँडचं काय करणार? याची क्लॅरिनेट कुठे उतरवू?"

जावयाला हसू फुटलं आणि ते त्याने खोकल्यात दडवलं. त्या घरात खोकल्यावर आता कुणाचाच विश्वास राहिला नव्हता.

"पण बाबा," तो म्हणाला, "एवढे कष्ट कशाला? तुम्ही नुसती खालची पट्टी धरून वाजवलं असतंत तरी झालं असतं. काळी दोनच्या ऐवजी पांढरी दोन. एका मिनिटाचं काम."

"तिला कळलं असतं."

"कसं?"

"ती हात बघते," ट्यूनर म्हणाला. "गाताना कायम माझ्या हातांकडे बघते. हॉटेलात होती तेव्हापासून. मी पाठमोरा असलो तरी मला कळतं. हात दुसरीकडे गेले असते, तर तिला लगेच कळलं असतं."

वहिनी खिडकीपाशी उभी होती, ती तिथून हलली. इतकी वर्षं ती त्या हातांकडे बघत आली होती आणि ते कुणाला ठाऊक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने स्वतःशीही ते कधी कबूल केलं नव्हतं. मग तिला आठवलं, की गाण्यातली हाक जशी त्याला ऐकू येत नव्हती, तशी तीही या माणसाचं तोंड गाताना कधी बघत नव्हती. बघणार कशी? तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि ती त्याच्या मागे.

"गाणं ऐकलंत ना?" तिने विचारलं. "शब्द?"

"ऐकले. खरे आहेत." मग तो म्हणाला, "मी विचारतो ते तेवढंच असतं. मला दुसरं काही विचारता येत नाही. पण मला काही वाटत नाही असं नाही. वाटतं. खूप वाटतं."

बारकीने उघडउघड नाक पुसलं. अक्का छताकडे बघायला लागल्या.

"मग मी बदलते शेवटची ओळ," वहिनी म्हणाली.

"बदलू नकोस. गाणं चांगलं झालंय. शनिवारी हेच म्हण."

"लोक तुम्हाला बिचारा म्हणतील."

"म्हणू देत. पियानो लावायला तरी बोलावतील."

यावर वहिनी हसली. मोकळं, आवाज करून हसली, आणि मग तिने पदर खोचावा तसा आवाज सावरला. "जावईबापू, तुमच्या बँडला सांगा, पांढरी दोन. सगळ्यांनी अर्धा सूर खाली यायचं. मी आहे तिथे."

"सांगतो, आई."

"आणि हा पियानो भिंतीपासून पुढे ओढा."

"आत्ता?" ट्यूनरने विचारलं.

"आत्ता. मला तुमच्या समोर उभं राहायचंय. आयुष्य गेलं तुमची मान बघण्यात."

मग एकच गोंधळ उडाला. पियानोची चाकं वडिलांच्या काळापासून फिरली नव्हती. जावयाने एक टोक धरलं, बारकीने दुसरं, अक्का मधे उभ्या राहून "हळू, हळू, पाय सांभाळा" म्हणत कुणालाच वाट देईनात. एकदाचा तो कुरकुरला आणि हलला. मागे धुळीचा जाड थर होता, एक जुनी पेन्सिल होती, बारकीचा लहानपणीचा मोजा होता. तो मोजा चोरल्याचा आळ ज्या शेजारणीवर आला होता ती केव्हाच गाव सोडून गेली होती. बारकीने मोजा उचलून खिशात घातला.

वहिनी पियानो आणि भिंत यांच्या मधल्या जागेत शिरली. जागा जेमतेम होती. पियानोच्या लाकडावर तिने दोन्ही कोपर टेकले आणि वरून तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. कपाळावर आठ्या, चष्मा नाकावर घसरलेला. गाणं वाजवताना तो ओठ किंचित हलवायचा. तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे ओठ हलत होते आणि हे तिला या घरात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं.

दार तेच, दिवा तोच. तिने फार हळू सुरुवात केली होती. क्लॅरिनेट गप्प होती, जावयाने ती मांडीवर आडवी ठेवली होती. अक्का बसल्या. तू विचारतोस, मी सांगते. तिथे तिने श्वास घेतला, त्याने सांगितला होता तिथेच, आणि "काहीच"वर आवाज चढायला लागला तेव्हा ट्यूनरने पट्ट्यांवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

त्याचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं.

तो सूर इतका उघडा चुकला, की बारकीने दचकून मान वर केली. बाबांचा चुकलेला सूर त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

"चुकलात," वहिनी म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याची नजर अजून वरच होती. "पुन्हा म्हण."